विचारून काढलेले फोटो

सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, शेंगाची चटणी आठवते आणि मे महिन्यातले ऊन आठवते. इथे फिरायला रान आहे असे सांगितले तर पाहुणे हसतात. पण विजापूर रोडने निघालात की कंबर तलाव लागतो. कागदोपत्री त्याचे नाव धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण घराघरांत तो कंबर तलावच. त्याच रस्त्यावर स्मृती उद्यान आहे आणि वन विभागाचे सिद्धेश्वर वनविहारही आहे. इथे धबधबा नाही, दरी नाही, धुके नाही. कडुनिंब, बाभूळ, काटेरी झुडपे, उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवत आणि मधून जाणाऱ्या पायवाटा, एवढाच हा बाग-जंगलाचा संसार.

फजरची नमाज आटोपून तासाभरासाठी इथे येणाऱ्यांमध्ये मीही आहे. हातात मोबाईल असतो, सुट्टीच्या दिवशी छोटा कॅमेरा. गेली काही वर्षे मी याच जागेचे फोटो काढते. त्यातून जे उमगले ते आपल्या घरांतल्या मुलामुलींच्या उपयोगाचे वाटते, म्हणून लिहिते.

आधी इथे दिसते काय ते सांगते. तारेवर बसून माश्या टिपणारे वेडे राघू. गुरांच्या पाठीवरून उडून परत तिथेच बसणारा कोतवाल. झाडाच्या ढोलीतून गोल डोळ्यांनी बघणारा पिंगळा. तलावाच्या काठाला लांब बोटांनी पानांवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, थंडीत उत्तरेकडून येणारी बदके. माणसेही तितकीच पाहण्यासारखी. वॉकिंगचे बूट घालून आलेले निवृत्त गिरणी कामगार, बुरखा सावरत झपाझप चालणाऱ्या चार मैत्रिणी, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे, ज्वारीची भाकरी आणि पिठले बांधून आणलेले कुटुंब. ईदच्या तिसऱ्या दिवशी तर झाडाखाली दस्तरखान पसरलेले दिसतात. शिरखुर्म्याचा डबा शेजारच्या अनोळखी कुटुंबाकडेही सरकतो.

हे सगळे फोटोत यावे असे कोणालाही वाटेल. पण एक शब्द मला अडवतो. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. लखनौची उर्दू बोलणारे तस्वीर ‘खींचते’ किंवा ‘उतारते’. आपल्या सोलापूरच्या दख्खनीत मराठीच्या सोबतीने ‘फोटू निकालते’. तिन्ही ठिकाणी काहीतरी कुणाकडून तरी घेतल्याची भावना आहे. एखाद्याकडून वस्तू घ्यायची तर विचारावे लागते. मग चेहरा घेताना का विचारू नये?

वनविहारात रोज येणारे एक चाचा आहेत. आयुष्यभर मागावर चादरी विणल्या. पावसाळ्यात सुगरण पक्षी बाभळीच्या फांदीला घरटे विणू लागला की चाचा त्याच्याखाली उभे राहून कारागिराने कारागिराचे काम बघावे तसे बघतात. सुगरणीमध्ये विणकाम नर करतो. गवताची, पानांची लांब पाती फाडून तो चोचीने गाठी मारतो. अर्धे झालेले घरटे मादीला दाखवतो, आणि तिने पसंत केले तर पुढचे काम पूर्ण करतो. चाचा हे सगळे पुस्तकाविना जाणतात. त्यांचा वर बघणारा चेहरा आणि वर झुलणारे घरटे, असा फोटो घ्यावा म्हणून मी विचारले. ते म्हणाले, “बाजी, मेरा फोटू नक्को निकालो.” मी विचारले, “क्यूं चाचा?” म्हणाले, “नक्को बोले तो नक्को.” मी कॅमेरा खाली ठेवला. त्यानंतरही आम्ही रोज सलाम करत राहिलो.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच मला थांबवले. स्मृती उद्यानात दिवंगत माणसाच्या आठवणीत झाड लावता येते. चाचांनी तिथे एक रोप लावले होते. म्हणाले, “मेरा नक्को. इस झाड का निकालो. घरवाली के नाम का है.” बोलता बोलता कळले की चाचीचा एकही चांगला फोटो घरात नाही. रेशन कार्डासाठी काढलेला एक आहे, तोही पुसट झालेला. मी झाडाचा फोटो काढला, छापून दिला. त्यांनी मागे तारीख लिहायला सांगितली. आता दर जुलैत तो फोटो काढायचा, असे आमचे ठरले आहे. पहिल्या फोटोत रोप चाचांच्या गुडघ्याला लागत होते हे मला माहीत आहे, कारण फोटोच्या कडेला त्यांच्या लुंगीचा काठ आला आहे. तेवढ्याला त्यांनी परवानगी दिली होती.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांवर पाळत ठेवू नका अशी आज्ञा आहे. मोबाईल हाती आल्यापासून ही आज्ञा रोज मोडली जाते आणि मोडणाऱ्याला ते कळतही नाही. झोपलेल्या म्हाताऱ्याचा, घास खाणाऱ्या बाईचा, रडणाऱ्या मुलाचा फोटो लांबून झूम करून घेतला जातो आणि दहा ग्रुपवर जातो. बागेत आलेल्या आपल्या बहिणी दोन घटका नकाब सैल करून वाऱ्याला बसतात. त्यांच्या दिशेने कॅमेरा वळला की त्या उठून जातात. बाग सगळ्यांची असते, पण एका कॅमेऱ्याने ती कुणासाठी तरी बंद होते. म्हणून शाळेतल्या मुलांना मी सांगते: माणूस ओळखू येणार असेल तर आधी विचारा. लहान मूल असेल तर त्याच्या आईला विचारा. काढलेला फोटो त्यांना दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका.

पाखरांना विचारता येत नाही, असे एका विद्यार्थ्याने मला ऐकवले. तेव्हा मी वर्गाला एक हदीस सांगितली, जी अबू दाऊदच्या संग्रहात आहे. प्रवासात काही सहाबांनी एका छोट्या पक्ष्याची दोन पिले उचलली. आई त्यांच्याभोवती फडफडू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) आले आणि त्यांनी विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले? पिले परत करायला लावली. मुलांनी हे ऐकले आणि थोड्या वेळाने तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे पाखरू फडफडले की त्याने नको म्हटले.” याहून चांगला नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

हा नियम इथे रोज कामाला येतो. घरट्याचा फोटो स्वच्छ यावा म्हणून आड येणाऱ्या फांद्या तोडणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्या फांद्या म्हणजे पिलांची सावली. सोलापूरच्या उन्हात ती गेली की पिले तासाभरात माना टाकू शकतात, शिवाय कावळ्याला घरटे उघडे सापडते. काहीजण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून पक्षी खाणे सोडून भांडायला येतो. फोटो सुंदर येतो, पण पक्ष्याची सकाळ वाया जाते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे गुन्हा ठरवले आहे. पक्षी खाता खाता थांबला, मान उंच केली, ओरडू लागला, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत. दोन पावले मागे यायचे.

हे शहाणपण शिकवणारी माणसे आपल्याच मातीतली आहेत. डॉ. सलीम अली मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचेच झाले. मारुती चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२चा. वन खात्यात त्यांची हयात गेली, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जून २०२५ मध्ये याच शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. या दोघांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मुलांना घेऊन बागेत जाण्यासाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. हवा थंड, ऊन कोवळे आणि पाहुणे पक्षी नुकतेच उतरलेले.

पाहायला उशीर झाला तर काय होते, तेही आपल्या दारात आहे. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सलीम अलींचे मत होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज मोर वनविहाराच्या वाटेवरही आडवा येतो, आणि माळढोक नान्नजलाही क्वचितच दिसतो. त्याचे फोटो पुष्कळ आहेत. पण फोटोतला माळढोक अंडे घालत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या काही घरांत सजीवाची तस्वीर काढणे योग्य मानत नाहीत. कॅमेऱ्याच्या फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे वागावे. शाळेच्या सहलीत एका मुलीने मला हळूच सांगितले की तिच्या अब्बांना माणसांचे, पाखरांचे फोटो चालत नाहीत. मी म्हटले, मग जे चालते ते काढ. तिने दिवसभरात बावीस फोटो काढले. ओल्या मातीत मोराच्या पायाचे ठसे. अर्धी खाल्लेली लिंबोळी. पाण्यावर पडलेले आकाश. मुंग्यांच्या वारुळाभोवतीची माती. बाभळीच्या काट्यांत अडकलेला नायलॉन मांजा. एकाही फोटोत प्राणी नव्हता आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी नुकतेच येऊन गेले होते. तो मांजाचा फोटो आम्ही तिथल्या वनरक्षकांना दाखवला. त्यांनी बांबूने तो उतरवला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली असली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर तो लोंबतोच. पंखात अडकला की पक्षी सुटत नाही. त्या मुलीच्या फोटोने एक तरी फास कमी झाला.

त्याच दिवशी कडुनिंबाखाली मुलांना मी जमिनीवरचे उन्हाचे कवडसे दाखवले. पानांमधली भोके वाकडीतिकडी असतात, तरी कवडसे गोल का पडतात? कारण तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचे चित्र असते. खंडग्रास ग्रहण असले तर हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा असाच अभ्यास केला आणि डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, प्रकाश डोळ्यात येतो, हे मांडले. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खोली. आपल्या उर्दूतला ‘कमरा’ही पोर्तुगीजांमार्फत त्याच शब्दापासून आला. खिशातला मोबाईल म्हणजे तीच अंधारी खोली, हे कळल्यावर मुले तो जरा जपून धरू लागली.

घरच्यांसाठी चार गोष्टी सांगते. महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी आठच्या आत जा, कारण नंतर सोलापूरचे ऊन सगळे रंग खाऊन टाकते. लहान मुलाचा किंवा फुलाचा फोटो त्याच्या उंचीला बसून काढा. एक जागा नक्की करा, जसा तलावाच्या काठावरचा एखादा दगड, आणि दर महिन्याला तिथूनच एक फोटो घ्या. जानेवारीतले पाणी, मेमधली भेगाळलेली माती, पावसानंतर वाढणारी जलपर्णी, सगळे त्यात आपोआप नोंदले जाते. उद्या तलावाबद्दल महापालिकेकडे काही मागायचे झाले तर हे बारा फोटो बारा अर्जांपेक्षा जास्त बोलतील. आणि वहीत दोन ओळी लिहा: तारीख, वेळ, काय दिसले, कुणाला विचारले.

सूरह गाशियामध्ये उंटाकडे, आकाशाकडे, डोंगरांकडे आणि पसरलेल्या जमिनीकडे बघण्याचे आवाहन आहे. बघणे ही तिथे इबादतीच्या जवळची गोष्ट आहे. आपण मात्र मोबाईल हाती आला की तो स्वतःच्या तोंडाकडे वळवतो. मुलांना एकदा तो उलटा धरायला शिकवा. चाचीचे झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. या जुलैचा फोटो घेतला तेव्हा त्याच्या एका फांदीवर होला बसला होता. तो उडाला नाही, म्हणून तोही फोटोत आला.