दुकानातल्या कॉम्प्युटरचे नाव

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आमचे शहर उस्मानाबाद झाले. त्याआधी ते धाराशिवच होते, हे अब्बाही सांगत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने धाराशिव नावाला मंजुरी दिली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, दुकानातल्या कॉम्प्युटरचं 'उस्मानाबाद' नाव बदलू या."

लिनक्सवर 'होस्टनेम' एवढेच टाइप केले (रोमन लिपीत, अर्थात) की सध्याचे नाव दिसते. 'सुडो होस्टनेम धाराशिव' केले तर ते रीस्टार्टपर्यंतच टिकते. कायमचे हवे तर 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम धाराशिव'. तरी 'होस्ट्स' फाइलीत जुने नाव राहतेच, ते हाताने बदलायचे. मी म्हटले, नवी ओळ घाल, जुनीही राहू दे. मशीनचे काही बिघडत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर, निकाहनाम्यावर उस्मानाबादच आहे.