माळ्यावरील गुंडाळी

आमच्या घरांत गेले दोन महिने एकाच विषयावर वाद चालला होता; आणि तो विषय लग्नकार्याचा नव्हे, वाटणीचाही नव्हे, तर वेगवान अणुभट्टीचा होता, हें ऐकून वाचकांस हसूं येईल. आमचा पुतण्या धातुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि कल्पाक्कम् येथें सोडियमनें थंड ठेवावयाच्या अणुभट्ट्यांच्या कामावर त्याची निवड झाली. पत्र आलें त्या रात्रीं जेवणें आटोपतांच आमचे वडील बंधु दादा म्हणाले, "जगानें टाकून दिलेल्या विद्येंत हा आपलें आयुष्य घालणार काय?"

दादांचें बोलणें कठोर वाटलें, तरी त्याच्या मुळाशीं जुनी जखम आहे. एका कारखान्यांत त्यांनीं सव्वीस वर्षें यंत्रांचे आराखडे काढले. एके दिवशीं तो विभाग बंद झाला आणि आराखडे रद्दीच्या भावानें गेले. त्यांतील एक गुंडाळी तेवढी त्यांनीं घरीं आणली. ती माळ्यावर पडून होती. अशा मनुष्यास नुसत्या उत्साहाच्या गोष्टी सांगून भागत नाहीं. आमचें मत विचारण्यांत आलें, तेव्हां आम्हीं मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलों.

निसर्गांत मिळणाऱ्या युरेनियमच्या हजार भागांपैकीं सहज फुटणारे भाग अवघे सात. बाकीचे ९९३ नेहमीच्या भट्टींत बहुतांशीं तसेच राहतात. परंतु न्यूट्रॉनांचा वेग पाण्यानें मंद न करतां तसाच राखला, तर शिलकी न्यूट्रॉन त्या पडून राहिलेल्या युरेनियमचें प्लुटोनियम करूं शकतात. म्हणजे जळण जळतां जळतां नवें जळण तयार होतें. आमच्या आजी रात्रीं निखारे राखेखालीं झांकून ठेवीत व पहांटे त्यांवरच चूल पेटवीत, त्याची आम्हांस आठवण झाली. मात्र आजींचे निखारे सकाळीं वाढलेले कधीं आढळले नाहींत! पाणी वर्ज्य, म्हणून उष्णता वाहून नेण्यास वितळलेलें सोडियम घ्यावें लागतें. तें सुमारें ८८० अंशांपर्यंत उकळत नाहीं, हा मोठा गुण. हवा लागतांच पेटूं शकतें आणि पाण्याशीं त्याचें हाडवैर, हा तितकाच मोठा दोष.

अमेरिकेंतील आयडाहो संस्थानाच्या उजाड माळावर, वॉल्टर झिन यांच्या देखरेखीखालीं, अशा एका लहान भट्टीनें २० डिसेंबर १९५१ रोजीं विजेचे चार दिवे पेटविले. हजर असलेल्या मंडळींनीं भिंतीवर खडूनें आपलीं नांवें लिहिलीं. पुढें नोव्हेंबर १९५५ मध्यें एका प्रयोगांत तिचा गाभा अंशतः वितळला, हेंही सांगितलेंच पाहिजे.

तिची धाकटी बहीण १९६४ पासून तीस वर्षें वीज देत राहिली. ३ एप्रिल १९८६ रोजीं तिची जी परीक्षा झाली, तिचें वर्णन आम्हीं दोनदां वाचलें. संकटकाळीं भट्टी बंद पाडणारी यंत्रणा मुद्दाम अडवून ठेवली, भट्टी पूर्ण शक्तीवर आणली, आणि सोडियम फिरविणारे पंप बंद केले. गाभा तापला; तापल्यामुळें प्रसरण पावला; त्यामुळें न्यूट्रॉन अधिक निसटूं लागले आणि भट्टी आपण होऊन थंडावली. कोणीं दांडा ओढला नाहीं, कळ दाबली नाहीं. दुपारीं उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग रोखून पुन्हां परीक्षा घेतली, निकाल तोच. आणि अवघ्या तेवीस दिवसांनीं चेर्नोबिल येथें निराळ्याच जातीच्या भट्टीचा स्फोट झाला. त्यानंतर आयडाहोची गोष्ट कोण ऐकतो?

चार्ल्स टिल व त्यांचे सहकारी यांची योजना याहूनही मोठी होती. वापरलेलें इंधन भट्टीशेजारींच वितळलेल्या क्षारांत विजेच्या योगानें शुद्ध करून पुन्हां वापरावयाचें, अशी ती होती. १९९४ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें पैसा बंद केला आणि ३० सप्टेंबरला भट्टी थांबली. प्लुटोनियम हाताळण्याची वहिवाट पडली कीं बॉम्बची वाट सोपी होते, असा विरोधकांचा आक्षेप होता. आक्षेप पोकळ नव्हता. परंतु ज्या भट्टीवर त्याचा निकाल लागावयाचा, तीच विझविणें आम्हांस उतावळेपणाचें वाटतें.

हें सर्व आम्हीं दादांस सांगितलें. "म्हणजे बंदच पडलें ना?" ते म्हणाले. फ्रान्सनें आपली सुपरफेनिक्स १९९७ मध्यें मोडीत काढण्याचें ठरविलें, जपानच्या मोंजूंत १९९५ सालीं सोडियम गळून आग लागली, हें त्यांस ठाऊक होतें. पुतण्या म्हणाला, "बाबा, आपल्या ट्रॉम्बेला पूर्णिमा १९७२ सालीं चालू झाली. कल्पाक्कमची लहान भट्टी १९८५ पासूनची. तिचें कार्बाइड इंधन ट्रॉम्बेलाच तयार झालें."

"आणि मोठी?" दादांनीं विचारलें. बांधकामास २००४ मध्यें आरंभ झालेली ती ५०० मेगावॉटची भट्टी ठरल्या मुदतीनंतरही कित्येक वर्षें रखडली, हें पुतण्यास कबूल करावें लागलें.

तेव्हां आम्हीं राखून ठेवलेली गोष्ट सांगितली. त्या १९८६ च्या परीक्षेंत घेतलेलीं मापें जपून ठेवलेलीं होतीं. पंचवीसएक वर्षांनीं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या विद्यमानें तीं निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांपुढें ठेवण्यांत आलीं, आणि प्रत्येकानें आपापलीं गणितें त्यांवर ताडून पाहिलीं. त्यांत कल्पाक्कमचे लोकही होते.

"मापें सगळीं ठेवलीं होतीं?" दादांनीं विचारलें.

"होय, ठेवलीं होतीं."

ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं माळ्यावर खुडबूड ऐकूं आली. आम्ही बाहेर आलों तों ओसरीवर ती गुंडाळी पसरलेली, चारी कोपऱ्यांवर वहिनींच्या स्वयंपाकघरांतील वजनें ठेवलेलीं, आणि पुतण्या गुडघ्यांवर बसून एका झडपेच्या छेदाविषयीं दादांस विचारीत होता. दिवेलागणीची वेळ झाली तरी दोघे उठले नव्हते.