कोणती कावीळ, हे मी विचारलंच नाही

विष्णुपुरीत आमच्या घरापासून डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय चालत जाण्याइतकं जवळ. तरी धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा मी त्याला घेऊन गेलो खेड्यात, गळ्यात कावीळ 'उतरवणारी' माळ घालायला. माळ वाढत गेली, भाऊ बरा झाला, आणि माझी त्या उपायावर श्रद्धा बसली. दूषित पाण्यातून येणारी 'ए' कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते आणि यकृतात ठाण मांडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तपासणी केलीच नव्हती, त्यामुळे त्याला कोणती झाली होती हे आजही सांगता येत नाही.

या श्रद्धेची किंमत बहिणीने मोजली. पावसाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा सरलेला. डोळे पिवळे दिसले. आई म्हणाली, "दवाखान्यात दाखव रे." मी म्हणालो, "माळ घालू, तेल-तूप बंद करू, उतरंल." ती गुंगीत बरळायला लागली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. रक्तात काविळीचा 'ई' विषाणू निघाला. तोही पाण्यातूनच येतो, इतरांना सहसा सोडून देतो; पण शेवटच्या तिमाहीत शंभरातल्या वीस-पंचवीस जणी त्याने दगावू शकतात. ताई वाचली. बाळ गेलं. माझे ते वाया घालवलेले दिवस मला विसरता येत नाहीत.

कोणती कावीळ हे न कळणं नवं नाही. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29 हजार जणांना कावीळ झाली. ती 'ई' होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळलं. दिल्लीकरांकडे तेव्हा तपासणीच नव्हती. माझ्याकडे होती.

पाणी उकळलं की सगळं टळतं, हाही माझा गैरसमज. 'बी' आणि 'सी' रक्तातून येतात: दूषित सुई, दुसऱ्याचं ब्लेड, 'बी' शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही. डोळे पिवळे न होताही ते वर्षानुवर्षं यकृत पोखरतात. 'बी'ची लस आहे, पहिला डोस जन्मानंतर 24 तासांत. तिनेच 'डी'ही टळतो, कारण तो 'बी'शिवाय जगत नाही. 'सी'ला लस नाही, पण गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. 2018 पासून कावीळ नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' आणि 'सी'ची तपासणी व औषधं मोफत आहेत.

घरात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि कोणती कावीळ, हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.