उवा पुन्हा पुन्हा का होतात?

"डॉक्टर, औषध लावलं तरी उवा हायेतच. आता वस्तराच फिरवते लेकराच्या डोक्यावर."

केज तालुक्यातल्या नांदूरघाटची ही आजी नातीला घेऊन दुसऱ्यांदा आली होती. दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. या मुलीचे आईवडीलही गेलेले. नऊ वर्षांची ती पोर दोन्ही हातांनी वेणी घट्ट धरून बसली होती. "आईनं सांगितलंय, केस कापू देऊ नको," एवढंच म्हणाली.

खरं सांगतो, चूक माझी होती. पहिल्या खेपेला मी १ टक्का परमेथ्रिनचं औषध लिहून दिलं, पण कसं लावायचं ते नीट सांगितलंच नाही. आजीने ते तेलकट केसांना लावलं, एकदाच लावलं आणि फक्त नातीला लावलं. दोघी झोपतात एकाच गोधडीत. आजीचं डोकं पाहिलं, तर त्यातही उवा!

उवा 'चिवट' वाटतात त्या बहुतेक वेळा अशा. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. केस स्वच्छ असले तरी होते, म्हणून मुलांना रागावू नका. औषधाने ऊ मरते, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. त्यांतून ७ ते १० दिवसांत पिल्लं निघतात. ती मोठी होऊन अंडी घालण्याआधीच त्यांना गाठायचं असतं. म्हणून दुसऱ्यांदा औषध लावणं चुकवू नका.

घरी असं करा :

१. केस साध्या शाम्पूने धुवा, तेल-कंडिशनर लावू नका. टॉवेलने टिपून औषध मुळांपासून टोकापर्यंत लावा, १० मिनिटांनी धुवा.

२. नवव्या दिवशी पुन्हा लावा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

३. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा. ज्यांना उवा आहेत आणि जे एका अंथरुणात झोपतात, त्यांना त्याच दिवशी लावा.

४. दर तीन दिवसांनी, दोन आठवडे, ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवा.

५. उशीचे अभ्रे, टॉवेल, फण्या गरम पाण्यातून काढा.

"मला ऊ दिसतच नाही, फणी फिरवून काय करू?" आजीने विचारलं. मी म्हटलं, "प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. फडक्यावर काळं हललं की नातीला विचारा."

रॉकेल किंवा कपाशीवर फवारायचं औषध मात्र कधीही डोक्याला लावू नका. रॉकेल पेट घेतं, फवारणीचं विष कातडीतून अंगात जातं. दोन्हींनी लेकराच्या जिवावर बेतू शकतं.

दोनदा नीट लावूनही जिवंत उवा दिसल्या, डोक्यात पू झाला, मानेमागे गाठी आल्या किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. नुसती खाज काही दिवस राहू शकते. मुळापासून लांब गेलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकाम्या असतात. त्यांना घाबरून पुन्हा पुन्हा औषध लावू नका.

तीन आठवड्यांनी दोघी आल्या. आजीने पिशवीतून फडकं काढून दाखवलं. पांढरंच होतं. आणि पोरीची वेणी पाठीवर होती, हातात नाही.