त्या दिवसांतलं लिंबू

पाळीच्या दिवसांत आमच्या घरी लिंबू वर्ज्य होतं. लोणचं, दही, चिंच, अंबाडीची भाजी, सगळंच आंबट बंद. "आंबट खाल्लं का पोट जास्त दुखते," असं आई सांगायची. चहा मात्र हवा तेवढा मिळायचा. दर्यापूरकडच्या गावातून मी कॉलेजसाठी अमरावतीला आले, तरी हॉस्टेलवर तोच नेम चालू राहिला. पहिल्या दिवशी जेवण नकोसं व्हायचं, चहावर चहा व्हायचा. ओटीपोटात मुरडा, कंबर फुटायची, आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी.

जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे आपल्या डफरीनमध्ये, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात निघालं. बाईचं बारा तरी हवं. डॉक्टर मॅडमनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवणावर चहा घेतेस का?" भाकरी-भाजीतलं लोह चहामुळे नीट अंगी लागत नाही, आणि लिंबू-संत्र्यातलं क जीवनसत्त्व तेच लोह शोषायला मदत करतं, हे मला तिथे कळलं. म्हणजे ज्याची गरज, तेच ताटातून काढलेलं! वरूड-मोर्शीची संत्री ट्रक भरभरून बाहेर जातात, आणि इथल्याच पोरींना त्या दिवसांत फोड खाऊ देत नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, मेथी, अंबाडी, गुळातला अळिवाचा लाडू, वर लिंबाची फोड. चहा जेवणानंतर तासाभराने. हे महिनाभर चालायला हवं, पाळीच्या दिवशी आठवून उपयोग नाही. आणि नुसत्या गुळाने रक्त भरत नाही, गोळ्या घ्याव्याच लागल्या. लोह वाढलं म्हणून मुरडा थांबला असंही नाही. चक्कर आणि धाप गेली.

मुरड्यावर उपाय आजीचा. ती तव्यावर जाडं मीठ तडतडेपर्यंत भाजायची, सुती फडक्यात बांधायची आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायची. सोसवेल इतकं निवलं की माझ्या बेंबीखाली ठेवायची. "ठेव व पोरी, लाजतं कायले?" मे महिन्यात, अमरावती पंचेचाळीस अंशांवर तापलेली असतानासुद्धा, कूलरसमोर बसून मी ती पुरचुंडी पोटाशी धरली आहे. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी स्नायू आवळतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. शेकाने तो स्नायू सैलावतो. त्याच द्रव्यांनी मळमळ आणि जुलाबही होतात.

सुंठीवर चाचण्या झाल्या आहेत. पहिल्या तीन-चार दिवसांत तिने कळा कमी झाल्याचं दिसलं. मी अर्धा चमचा सुंठ गूळ घालून उकळते. ओव्याच्या पाण्याने मला गॅस आणि पोटफुगी उतरते, कळ तितकीशी नाही. तेवढ्याने भागलं नाही तर गोळी घ्यावी. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी त्या द्रव्यांनाच अटकाव करते, म्हणून कळ सुरू होताच, पोटात दोन घास असताना घेतलेली बरी. पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. "गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल होत नाही" ही भीती आमच्याकडे घरोघर आहे. पाळीत एक-दोन दिवस घेतलेल्या गोळीने असं काही होत नाही.

माझ्या अकोल्याच्या मावसबहिणीला मात्र यातलं काहीच लागू पडलं नाही. तिचं दुखणं पाळीच्या आधीच सुरू व्हायचं आणि नंतरही रेंगाळायचं. शौचाला बसतानाही कळ यायची. "लग्न झालं का थांबते," असं घरचे म्हणत राहिले आणि वर्षं गेली. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, तो हा आजार. तो सुंठीने बरा होत नाही.

आता मी अमरावतीतच शिकवते. एखादी मुलगी पोट धरून स्टाफरूमच्या दारात आली की आधी विचारते: शेकाने, गोळीने उतरतं का? दर महिन्याला शाळा बुडते का? तासाभरात पॅड भिजतं का, मोठ्या गाठी पडतात का? उत्तरं बरी आली तर तिला सुंठ-गुळाचं सांगते. नाही आली, तर त्याच दिवशी तिच्या आईला फोन लावते.