मार्फत



आमचे वडील खानदेशातून पांडेसऱ्याला मिलमध्ये कामाला आले, तेव्हा चाळीतल्या खोलीला क्रमांक नव्हता. गावाकडचं पत्र किराणा दुकानाच्या ‘मार्फत’ यायचं आणि दुकानदार ते ज्याचं त्याला द्यायचा. शाळेच्या संगणक कक्षाचं काम आम्ही चार माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलं, तेव्हा तीच ‘मार्फत’ पुन्हा भेटली.

इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. म्हणून कक्षातले संगणक १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि राउटर एका सार्वजनिक पत्त्यावर सर्वांचं टपाल सांभाळतो. तोच आपला दुकानदार.

पण शाळेची दोन यंत्रं बाहेरून उघडायला हवी होती : एकावर दहावीचे सराव पेपर, दुसऱ्यावर जुने अंक. दोघांनाही ४४३ क्रमांकाचाच दरवाजा हवा आणि एका पत्त्यावरचा तो दरवाजा आमचा राउटर एकाच यंत्राकडे वळवी. म्हणून आठ पत्त्यांचा गट घेतला. हाती आले पाच! पहिला गटाची ओळख, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी आणि एक सेवा देणाऱ्याच्या राउटरला.

त्यातला एक पत्ता आम्ही पेपरच्या यंत्रात घातला आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तो कळवला. अमळनेरजवळच्या गावी गेलेल्या एका मुलीचा फोन आला, “सर, काहीच उघडत नाही.” दोन दिवस आम्ही वायरी तपासत बसलो. चूक आमचीच होती. सेवा देणाऱ्याचा राउटर ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारत होता. आमचं यंत्र राउटरच्या आड होतं, त्याला हाक ऐकूच येत नव्हती.

मग यंत्राला पुन्हा खासगी पत्ता दिला. त्या सार्वजनिक पत्त्याच्या वतीने ‘ओ’ द्यायला आणि आलेलं त्या यंत्राकडेच धाडायला राउटरला सांगितलं. उत्तरही त्याच पत्त्यावरून जाईल असं केलं. उघडा ठेवला फक्त ४४३ चा दरवाजा. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने पेपर उतरवून घेतला.

पत्ते उरले होते. कॅमेऱ्यांच्या यंत्राला एक द्यावा, म्हणजे घरबसल्या शाळा दिसेल, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं. पण पेपरच्या यंत्राची नोंदवही उघडली, तर पहिल्याच रात्री कितीतरी अनोळखी पत्त्यांनी दार ठोठावून पाहिलं होतं. त्या यंत्रात आपल्या मुलांची चित्रं आहेत. आम्ही पत्ता दिला नाही.

ज्याला लोकांनी हाक मारायची, त्यालाच स्वतःचा पत्ता; बाकीच्यांना ‘मार्फत’च बरी. मुलांनो, हे जुळवणं शिकायचं असेल तर शनिवारी कक्षात या. चुका कुठे होतात, ते आम्हाला आता चांगलं ठाऊक आहे.