आजोबांचा भाता

कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं जमवितो, कोणी आगपेटीवरील चित्रें वहींत डकवितो. या छंदांची कोणी थट्टा करीत नाहीं. माझा छंद सांगितला म्हणजे मात्र ऐकणारा आधीं हंसतो व मग विचारतो, "तें कशाला?" विजेवांचून चालणारीं, धूळ ओढून घेणारीं जुनीं यंत्रें मी जमवितों व दुरुस्त करतों. हल्लीं घरोघरीं ज्यास व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात, त्याचे हे पूर्वज. माझ्या संग्रहांत अशीं अवघीं दोनच यंत्रें आहेत, म्हणून 'संग्रह' हा शब्द मोठा वाटेल. परंतु त्यांतील पहिल्या यंत्रानें मला जें शिकविलें, व त्याच्या बाबतींत माझ्या हातून जी चूक घडली, ती शाळासोबत्यांस सांगावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी येथें आहे. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीची साफसफाई चालली असतां आईनें मला माळ्यावर चढविलें. तेथें फुटक्या घमेल्यांच्या मागें, गोणपाटांत गुंडाळलेली एक जड वस्तु हाताला लागली. खालीं आणून पाहतों तों एक बैठी लांकडी पेटी; तिच्या पाठीवर चामड्याचे दोन भाते; मध्यें एक उभा दांडा; आणि एका बाजूस नळी, जिच्या शेवटीं पत्र्याचें रुंद व चपटें तोंड. भजनाच्या पेटीचेंच हें एखादें विचित्र भावंड असावें, असें मला वाटलें. इतक्यांत ओसरीवर बसलेल्या आजोबांची नजर तिकडे गेली आणि ते काठी न घेतांच उठले. "अरे, हा तर आमचा भाता!" ते म्हणाले.

आजोबा दहा-बारा वर्षांचे असतांना ते व त्यांचे थोरले भाऊ देवळालीस एका बंगल्यांत वरकाम करीत. बंगल्यांत मोठमोठे गालिचे होते. दर शनिवारीं हें यंत्र बाहेर निघे. आजोबा दांडा पुढें-मागें हालवीत आणि थोरले भाऊ नळीचें तोंड गालिच्यावरून फिरवीत. एकट्यानें तें काम होत नसे. आणि दोघांची लय चुकली कीं यंत्र नुसतें धापा टाकी. पुढें बंगल्याची मालकीण परगांवीं निघाली, तेव्हां तिनें हें यंत्र त्या दोघां भावांस देऊन टाकलें. आमच्या शेणानें सारविलेल्या घरांत त्याचा उपयोग शून्य. तरीहि त्यांनीं तें जपलें. थोरले आजोबा जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं.

हें यंत्र चालतें कसें, तें आमच्या विज्ञानाच्या सरांनीं मला समजावून दिलें. भाता उघडला म्हणजे त्याच्या पोटांतील जागा वाढते व आंतील हवेचा दाब कमी होतो. मग बाहेरची हवा नळीवाटे आंत धांवते आणि जातां जातां धूळ बरोबर नेते. वाटेंत कापडी पिशवी असते. तींत धूळ अडकते. भाता मिटला कीं चामड्याची झडप नळीकडची वाट बंद करते व हवा दुसऱ्या वाटेनें निघून जाते. भाते दोन असल्यामुळें एक मिटत असतां दुसरा उघडतो, आणि ओढ खंडित होत नाहीं. सर म्हणाले, "यंत्र धूळ ओढतें असें आपण म्हणतों खरें, वास्तविक बाहेरची हवाच ती आंत ढकलीत असते."

पुढें मीं या यंत्रांचा इतिहास शोधला. इ. स. १८६० मध्यें अमेरिकेंतील आयोवा प्रांताच्या डॅनियल हेस यानें फिरता ब्रश व भाता यांची जोड असलेल्या झाडणीचें पेटंट घेतलें. १८६९ मध्यें शिकागोच्या आइव्ह्ज मॅकगॅफी यानें हातानें फिरवावयाचें यंत्र काढलें. १९०१ मध्यें लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यानें इंजिनावर चालणारें यंत्र केलें. पण तें इतकें प्रचंड होतें कीं घोडागाडीवरून घरापुढें आणावें लागे व लांब नळ्या खिडक्यांतून आंत सोडाव्या लागत. १९०२ मध्यें सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील गालिचे बूथच्या यंत्रानेंच साफ केले. पुढें १९०८ मध्यें स्पँगलर नांवाच्या एका झाडलोट करणाऱ्या माणसास विजेच्या सुटसुटीत यंत्राचें पेटंट मिळालें. झाडूच्या धुळीनें त्याला धाप लागे, म्हणून त्यानें तें यंत्र रचलें होतें. परंतु त्या काळीं बहुतेक घरांत वीजच नव्हती. अशा घरांसाठीं हातभात्यांचीं यंत्रें निघालीं. इंग्लंडांतील 'बेबी डेझी' हें त्यांतलेंच एक. आमचें यंत्र त्याच जातीचें.

दुरुस्तीसाठीं मी आमच्या गांवच्या लोहारकाकांकडे गेलों. त्यांच्या भट्टीला आतां विजेचा पंखा वारा घालतो. पण वडिलांचा भाता त्यांनीं आढ्याला टांगून ठेवला आहे. द्राक्षबागांत औषध फवारण्याचे जुने हातपंप त्यांनीं शेंकडों दुरुस्त केले आहेत. त्यामुळें हवा कोठें गळते, हें त्यांना कानांनींच कळतें. माझें यंत्र पाहतांच ते म्हणाले, "पोरा, आमचा भाता वारा देतो, तुझा वारा घेतो. फरक एवढाच." जुनें कातडें वाळून तडकलें होतें. त्यांच्या सांगण्यावरून मीं शेळीचें कमावलेलें कातडें आणलें, जुन्याच्या मापानें कापलें, एरंडेल चोळून मऊ केलें व बारीक चुकांनीं बसविलें. झडपाहि नव्या केल्या. या कामीं माझे पांच रविवार गेले.

येथवर सारें ठीक झालें. परंतु मला उतावीळ झाली. यंत्र नव्यासारखें दिसावें, पाहणाऱ्यानें वाहवा करावी, असें मनांत येऊन एका दुपारीं मीं घासकागद घेतला आणि पेटीचें लांकूड खरवडून स्वच्छ केलें. झांकणावर कांहीं फिकट सोनेरी अक्षरें होतीं. तीं काळवंडलेलीं होतीं, मला वाचतां आलीं नाहींत, म्हणून तींहि मीं घासून टाकलीं. दांड्यापर्यंत येतां येतां घासकागद संपला. मग पेटीवर रोगणाचे दोन हात दिले. पेटी आरशासारखी चमकूं लागली. मोठ्या अभिमानानें मीं आजोबांना हांक मारली.

आजोबांनीं झांकणावरून हात फिरविला. पुन्हा एकदां फिरविला. मग त्यांनीं विचारलें, "येथें अक्षरें होतीं ना?" मी गप्प राहिलों. ते म्हणाले, "तेव्हां मला इंग्रजी येत नव्हतें. दादा त्या अक्षरांवर बोट ठेवून मला एक एक अक्षर सांगे. मी ए-बी-सी येथेंच शिकलों." ते रागावले नाहींत. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें.

तीं अक्षरें आतां कोणालाहि परत आणतां येणार नाहींत. आमचें यंत्र कोणी बनविलें, कोणत्या गांवीं बनविलें, हें सांगणारा एकच साक्षीदार होता. त्याला मीं अर्ध्या तासांत मुका केला. यंत्राचें कातडें गेलें तर नवें बसवितां येतें, पण पुसलेला पुरावा कोणताहि कारागीर भरून देऊं शकत नाहीं. फाटलेलें नीट करणें आणि जुनेपण घालविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मला तेव्हां कळलें.

त्यानंतर शाळेच्या सहलींत पुण्यास राजा केळकर संग्रहालय पाहण्याचा योग आला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनीं जन्मभर हिंडून जमविलेल्या सुमारें वीस हजार वस्तु १९७५ मध्यें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या, आणि आपल्या अकालीं निवर्तलेल्या मुलाचें नांव त्या संग्रहाला दिलें. तेथें दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकाचीं भांडीं आहेत. साध्या माणसांच्या हातांनीं झिजलेल्या वस्तु. त्या झिजेकडेच मी पुष्कळ वेळ पाहत राहिलों. जिला मी मळ व जुनाटपणा समजत होतों, ती झीज म्हणजे त्या वस्तूचें चरित्रच होतें.

माझें दुसरें यंत्र मीं नाशिकच्या एका जुन्या सामानाच्या दुकानांतून घेतलें. ती चाकांची झाडणी आहे; ढकलली कीं चाकांबरोबर पोटांतला ब्रश फिरतो व कचरा आंतल्या खणांत उडवितो. असल्या झाडणीचें पेटंट १८७६ मध्यें अमेरिकेच्या मेल्व्हिल बिसेल यानें घेतलें, आणि १८८९ मध्यें तो वारल्यावर त्याची पत्नी ॲना हिनें तो कारखाना चालविला. या वेळीं मीं आधीं छायाचित्रें काढलीं, प्रत्येक खूण वहींत उतरली, मऊ कुंचल्यानें धूळ झाडली, चाकांस तेल दिलें, आणि थांबलों. तिच्यावरचा अर्धवट कागद अजून तसाच आहे.

गेल्या दिवाळींत आम्हीं ओटीवर सतरंजी अंथरली व आजोबांचा भाता चालवून पाहिला. आजोबा दांड्यावर, मी नळीवर. खरें सांगावयाचें तर आईची केरसुणी त्याहून लवकर व चांगलें काम करते. पण भाता चालला. पिशवींत मूठभर धूळहि जमली. दांड्याचा वरचा भाग एका जागीं बोटांनीं झिजून खोलगट झाला आहे. घासकागद संपल्यामुळें तो वांचला. आजोबांचा हात त्या खळग्यांत बरोबर बसला. "जोर लावूं नकोस, लय सांभाळ," ते मला म्हणाले. थोरले आजोबा त्यांना असेंच सांगत असावेत.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या यंत्राची माप-नोंद आहे. तिच्या शेवटीं मीं लिहून ठेवलें आहे: "झांकणावर सोनेरी अक्षरें होतीं. तीं मीं पुसलीं." हें वाक्य लिहितांना लाज वाटली, पण पुढें जो कोणी हें यंत्र हातीं घेईल, त्याला निदान एवढें तरी ठाऊक असावें. माझ्या सोबत्यांनो, तुमच्याहि माळ्यावर कांहीं ना कांहीं असेल. तें अवश्य खालीं काढा. पण घासकागद घेण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसांजवळ क्षणभर बसा व त्यांना विचारा.